कोरड्या वाफेचा भोंगा

मुंबईतल्या एका छोट्या संग्रहालयात काचेच्या पेटीत तीन नळ्यांचा पितळी भोंगा ठेवला आहे. पेटीखाली लाल बटण आहे. ते दाबलं की जुन्या प्रवासी आगबोटीच्या भोंग्याचा आवाज येतो. शाळेच्या सहलीला आलेली पोरं कानांवर हात दाबतात, हसतात आणि पुन्हा बटण दाबतात. हा आवाज खऱ्या वाफेवर, मूळ आवाजाशी ताडून पाहून मुद्रित केला आहे, असं पाटीवर लिहिलंय. त्याखाली माझं नाव आहे.

तो आवाज चुकीचा आहे. भोंगा खरा, वाफ खरी, आवाज चुकीचा. मुद्रण झालं त्या सकाळपासून मला हे माहीत आहे. माझ्याशिवाय ज्यांना माहीत होतं ते आता नाहीत. म्हणून हे लिहून ठेवतो आहे. उशीर झालाय हे मला कुणी सांगायची गरज नाही.

मी खालापूर तालुक्यातल्या एका कागद कारखान्यात चौतीस वर्षं बॉयलरवर होतो. घर कर्जतला, भिसेगावात. निवृत्तीनंतर घरात बसवेना, म्हणून पोशीरच्या एका भाताच्या गिरणीत आठवड्यातून चार दिवस जायला लागलो. उकड्या तांदळासाठी तिथे एक लहान बॉयलर होता, भाताच्या भुशावर चालणारा. कारखान्यातल्या बॉयलरपुढे तो म्हणजे चहाचं आधण. पण वाफ ती वाफच.

तो आवाज ओळखणारे दुसरे म्हणजे चाचा, माझ्याहून नऊ वर्षांनी मोठे. मूळ घराणं समुद्राकाठचं, पण खालापुरात एसटी स्टँडजवळ त्यांचं नटबोल्टचं दुकान होतं. कारखान्यासाठी गॅस्केट आणायला मी तिथे जायचो आणि पाच मिनिटांच्या कामाला तासभर लावायचो. तरुणपणी चाचा एका मोठ्या प्रवासी आगबोटीवर आगवाला होते, म्हणजे बोटीच्या बॉयलरला आग देणारा खलाशी. आम्ही दोघं एकाच धंद्यातले, फक्त त्यांचा बॉयलर पाण्यावर चालत होता आणि माझा डोंगराच्या पायथ्याला बसलेला. पाळी बदलताना आमच्या कारखान्याचा भोंगा वाजला की तो त्यांच्या दुकानापर्यंत ऐकू यायचा. चाचा हातातला पाना खाली ठेवून म्हणायचे, "मिस्त्री, तुमचा भोंगा हाय का म्हैस व्यायली?"

"आणि तुमच्या बोटीचा काय गात होता?"

"गात नव्हता. बोलत होता. आधी खाकरायचा, मग थुकायचा, मग खालनं वर यायचा. म्हाताऱ्या माणसासारखा. सकाळी उठला की आधी घसा साफ करतो, मग घरच्यांना हाक मारतो, तसा."

हे मी किमान दोनशे वेळा ऐकलं असेल. बाजारानंही ऐकलं होतं आणि बाजार त्यावर विश्वास ठेवत नव्हता. त्यांची नोकरीची वही एका पुरात दुकानासकट भिजून गेली होती. फोटो एकच, तोही कुठल्याशा बंदरातला. त्यात बोट दिसत नाही, नुसता एक दोरखंड दिसतो. त्यामुळे स्टँडवरचा रिक्षावालासुद्धा जाता जाता विचारायचा, "काय चाचा, बोट कुठवर आली?"

"तुझ्या दारात लागली की सांगतो. बायकोला सांग, पाणी तापवून ठेव."

ते हसून उत्तर द्यायचे, पण रिक्षा गेली की समोरचे तेच चार बोल्ट पुन्हा पुन्हा मोजायचे. ते मोजणं मी पाहिलं आहे. त्यामुळे पुढे मी जे केलं ते अजाणतेपणी केलं, असं म्हणायची सोय मला नाही.

संग्रहालयाची माणसं पोशीरला आली ती बॉयलर शोधत. आवाज मुद्रित करणारी एक तरुण बाई होती आणि तिच्याबरोबर कॅमेरावाला. भंगारात निघालेल्या एका जुन्या बोटीचा भोंगा त्यांना मिळाला होता. त्यांनी तो कॉम्प्रेसरच्या हवेवर वाजवून पाहिला होता, पण मन भरलं नव्हतं. गिरणीच्या मालकानं मला पुढे केलं. मी तिला सांगितलं, हवेवर वाजवलात तर आवाज खाली उतरणारच, या नळ्या वाफेसाठी कापलेल्या आहेत. तिनं मोबाईलवर ती हवेवरची ध्वनिफीत दिली. मी ती खालापूरला नेऊन चाचांना ऐकवली.

चाचांनी मोबाईल कानाला लावला, अर्ध्यातच परत दिला. "ही गाय हाय. बोट कुठाय?"

मग मीच त्या बाईला फोन करून सांगितलं, की असाच तीन नळ्यांचा भोंगा बोटीवर रोज ऐकलेला माणूस माझ्या ओळखीचा आहे. चाचांना या कामात मीच आणलं. हेही नोंदवून ठेवतो, कारण पुढे अनेकांना वाटलं की ते आपणहून नाक खुपसायला आले होते.

ती बाई खालापूरला गेली आणि दोन दिवस त्यांच्या दुकानात बसली. बोट कोणत्या वेळी भोंगा देई, किती लांब देई, धूर आधी दिसे की आवाज आधी येई, सगळं विचारलं. मीही शेजारी स्टुलावर बसलो होतो. दोन दिवसांत तिनं मला एकच प्रश्न विचारला, प्लग पॉइंट कुठे आहे. निघताना ती म्हणाली, "चाचा, तुम्ही हो म्हटल्याशिवाय आम्ही आवाज पक्का करणार नाही. पाटीवर तुमचं नाव येईल. ज्यांनी ओळखला ते, असं."

ही बातमी संध्याकाळपर्यंत बाजारभर झाली. चाचांनीच केली. लेकीला सांगून पांढरा सदरा इस्त्री करून ठेवला. "आता विचारा म्हणावं, बोट कुठवर आली," ते मला म्हणाले. मी हसलो. मला ते आवडलं नव्हतं. तीस वर्षं जो माणूस मला एक गॅस्केट फुकट देत नव्हता आणि वर माझ्या भोंग्याला म्हैस म्हणत होता, त्याच्यासाठी आता माझी वाफ राबणार होती.

आठवडाभर आम्ही चाचण्या घेतल्या. बॉयलरवरून पाइप काढून शेडच्या छपरावर नेला आणि टोकाला भोंगा बसवला. दाबाचा आकडा सात किलोवर आला की मी व्हॉल्व्ह उघडायचा आणि चाचांनी खाली भाताच्या पोत्यावर बसून ऐकायचं. भोंग्यात विशेष काही गुंतागुंत नसते. खालच्या बारीक फटीतून वाफ चकतीसारखी बाहेर पडते आणि वरच्या नळीच्या कडेवर आपटते. नळी वरखाली केली की सूर हलतो. मी मोबाईलवर सूर मोजून तिन्ही नळ्या एकमेकींशी नीट जुळवल्या, तेव्हा चाचांनी मान हलवली.

"जुळवू नका. तिघी जावा हायत त्या. एकत्र बोलतात, पण एकमेकींचं ऐकत नायत."

मधली नळी त्यांनी स्वतःच्या पान्यानं पाव आटा वर घेतली. पुढच्या वेळी आवाजात एक थरथर आली, छपराचे पत्रे त्या थरथरीबरोबर हलले. गिरणीचा मालक आतून ओरडत आला, "अरं मिस्त्री, भोंगा वाजवा, पण माझं छप्पर न्याल रं!" चाचा खूश होते. इथवर मी त्यांचं ऐकलं.

अडलं ते पाण्यावर.

बॉयलरवरच्या माणसाला पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवतात. पाइप थंड असेल तर त्यात वाफेचं पाणी होतं. ते आधी खालच्या ड्रेनमधून सोडून द्यायचं, मग वाफ पुढे जाऊ द्यायची. मी नवीन असताना एका सकाळी हे विसरलो होतो. वाफेनं ते पाणी पुढे ढकललं आणि दगडासारखं व्हॉल्व्हवर हाणलं. व्हॉल्व्ह फुटला. माझ्याबरोबरच्या फायरमनचा हात कोपरापर्यंत भाजला. मॅनेजरनं सगळ्या पाळीसमोर मला उभं केलं आणि विचारलं, तू बॉयलरवर आहेस की न्हाणीघरात. त्यानंतर चौतीस वर्षांत माझ्या लाइनमध्ये पाणी राहिलं नाही. कोरडी वाफ देणारा माणूस अशी माझी ओळख होती, आणि सांगण्यासारखी दुसरी ओळख माझ्याकडे नव्हती.

चाचांना नेमकं ते पाणी हवं होतं. बोटीचा भोंगा वर धुराड्यावर, पाइप लांब, वारा थंड. त्यात पाणी साठायचंच. म्हणून ती आधी खाकरायची आणि थुकायची. "ड्रेन बंद ठेवा," ते म्हणायचे. "एकदाच."

"चाचा, ते बरोबर नसतं."

"बरोबर कोण मागतंय? जसं होतं तसं मागतो."

"तुमच्या बोटीवरचा माणूस आळशी असेल. पाणी सोडायचा नाही."

"असंल. पण बोट त्याची होती, मिस्त्री. तुमची नाय."

मी ड्रेन उघडाच ठेवला. दर वेळी भोंगा पहिल्या क्षणापासून स्वच्छ वाजला आणि दर वेळी चाचांनी म्हटलं, "नाय. ही ती नाय."

मुद्रणाच्या दिवशी मी सकाळी लवकर पोशीरला गेलो आणि भट्टी पेटवली. आकडा चढला. मुंबईची माणसं यायला अजून वेळ होता. एकदा वाजवून पाहावं म्हणून मी ड्रेन उघडला, तर त्यातून काहीच येईना. गंजाची खपली अडकली होती. ते मला कळलं तोवर माझा दुसरा हात सवयीनं व्हॉल्व्हवर गेला होता आणि व्हॉल्व्ह अर्धा उघडला होता.

भोंगा खाकरला. मला दुसरा शब्द सापडत नाही. मग पाइपातून गुळगुळ वर गेली, छपरावरून कोमट तांबडं पाणी फवारा होऊन उडालं. त्या पाण्यामागून, फार खालून, एक जाड सूर निघाला. तो डगमगत वर चढला, दुसरा त्याला येऊन लागला, मग तिसरा, आणि तिन्ही एकमेकांना ढकलत उभे राहिले. माझ्या हातावरचे केस उभे राहिले होते. कारखान्याच्या भोंग्यानं चौतीस वर्षांत माझं असं कधी केलं नव्हतं.

व्हॉल्व्ह बंद करून मागे पाहिलं. टेंपोतून उतरलेले चाचा छपराच्या कडेखाली उभे होते. इस्त्रीच्या पांढऱ्या सदऱ्यावर गंजाच्या पाण्याचे शिंतोडे उडाले होते. ते दोन्ही हातांनी तो सदरा धरून उभे होते आणि हसत होते. डोळ्यांतून पाणी येत होतं.

"हीच," ते म्हणाले. "मिस्त्री, हीच. अशीच अंगावर थुकायची ती."

मी म्हणालो, "ड्रेन तुंबलाय, चाचा."

एवढंच म्हणालो. हीच आहे हे मला त्यांच्याइतकंच कळलं होतं. त्यांनी चाळीस वर्षं जे शब्दांत सांगायचा प्रयत्न केला ते त्या एका दमात माझ्यासमोर उभं राहिलं होतं, आणि मी पाना घेऊन ड्रेन साफ करायला बसलो. खपली निघाली. पाणी सुटलं. पाइप कोरडा झाला.

माणसं आली. कॅमेरा लागला. चाचांचा सदरा पाहून ती बाई हसली, त्यांनीही हसून तो झटकला. मग मी कोरडी वाफ दिली. भोंगा स्वच्छ, गोल, एकसारखा वाजला. तिनं डोळे मिटून हेडफोन कानांवर दाबून धरले होते. संपल्यावर म्हणाली, "सर, परफेक्ट." त्या आठवड्यात तिनं मला पहिल्यांदा सर म्हटलं होतं.

चाचा पोत्यावरून उठले. "ही ती नाय. सकाळी झाली ती. मिस्त्रीला विचारा."

तिनं माझ्याकडे पाहिलं. कॅमेराही माझ्याकडे वळला.

मला दोन शब्द बोलायचे होते. हो, सकाळची. मग ड्रेन बंद करून पुन्हा वाजवायचा होता, तांबडं पाणी उडवायचं होतं, कॅमेऱ्यासमोर, माझ्या नावावर. न्हाणीघरवाल्या मॅनेजरला मरून कितीतरी वर्षं झाली होती. तरी तो तिथे उभा असल्यासारखा मी आवाज खाली आणला आणि म्हणालो, "सकाळी ड्रेन तुंबला होता, पाणी उडालं फक्त. आणि चाचांना हल्ली ऐकू कमी येतं. वयाचं आहे."

चाचा माझ्यापासून दहा हातांवर होते. त्यांनी शब्दन्‌शब्द ऐकला. मला ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं.

गिरणीचा मालक मध्ये पडला. "चाचा, मिस्त्री म्हणतो ती बरोबर. वाफेतलं त्यालाच कळतं." ती बाई मनानं चांगली होती. ती त्यांच्याजवळ गेली आणि त्यांच्या कानाशी तोंड नेऊन, मोठ्यानं, एकेक शब्द तोडत विचारलं, "चाचा, दमलात का? पाणी देऊ?"

चाचांनी खिशातला रुमाल काढून सदऱ्यावरचे डाग पुसायचा प्रयत्न केला, ते पसरले, तेव्हा रुमाल परत खिशात ठेवला. फाटकाबाहेर जाऊन रस्त्यावर उभे राहिले. कर्जतकडे जाणारा एक टेंपो थांबला, त्यात बसून गेले. ते एकटे कसे जातील असं कॅमेरावाल्यानं विचारलं. मी म्हणालो, जातात ते.

महिन्याभरानं त्या बाईचा फोन आला. चाचांनी हो म्हटलेलं नाही, मग पाटीवर त्यांचं नाव घालावं का? मी म्हणालो, त्यांना ते आवडणार नाही, माझं एकट्याचं ठेवा. इतकं साधं होतं ते. चहा ढवळताना म्हणालो.

पोशीरची गोष्ट खालापूरला पोचायला चार दिवस लागले. बाजाराचा प्रश्न बदलला. आता बोट कुठवर आली असं कुणी विचारत नव्हतं. हाताचा कर्णा करून दुकानासमोरून ओरडायचे, "चाचा, ऐकू येतं का?" चाचा पाना पुसत राहायचे. बोटीचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही.

मी पहिल्यांदा दुकानात गेलो ते दिवाळीच्या आसपास, फराळाचा डबा घेऊन. म्हटलं, "चाचा, कसे आहात?"

त्यांनी मान वर केली, हात कानामागे नेला. "काय?"

"म्हटलं, कसे आहात?"

"ऐकू येत नाय, मिस्त्री."

शेजारच्या गिऱ्हाइकानं कुजबुजत अर्ध्या इंचाचा बोल्ट मागितला. चाचांनी तो न विचारता काढून दिला.

त्यानंतर मी वर्षातून दोनतीनदा जात राहिलो. दर वेळी तेच. हात कानामागे, "ऐकू येत नाय, मिस्त्री." रागानं नाही, आवाज चढवून नाही. गिऱ्हाइकाला एखादा माल संपलाय म्हणून सांगावं तसं. डबा ठेवून घ्यायचे, पुढच्या वेळी धुऊन परत द्यायचे, रिकामा कधीच नाही. माझी बोलायची वाट मात्र बंद.

शेवटी एकदा मी ठरवूनच गेलो. दुकानात दुसरं कुणी नव्हतं. स्टुलावर बसलो आणि एका दमात सगळं सांगितलं. सकाळची तीच होती. मला कळलं होतं. मी खोटं बोललो. पाटीवरचं नावही मीच काढायला लावलं. माफ करा.

चाचा माझ्या तोंडाकडे पाहत होते. नाव काढायला मी लावलं हे त्यांना तेव्हाच कळलं असावं, कारण तिथे त्यांच्या डोळ्यांत काहीतरी हललं. मग त्यांनी हात उचलला. मला वाटलं, माझ्या खांद्यावर ठेवतील. तो कानामागे गेला.

"ऐकू येत नाय, मिस्त्री," ते म्हणाले. "मोठ्यानं बोला. तेव्हा बोललात तसं, चारचौघांत."

मी चारचौघांत बोललो नाही. स्टँडवर तेव्हा माणसं होती. दार उघडं होतं. मी उठून घरी आलो.

पुढच्या पावसाळ्यात ते गेले. मी मातीला गेलो, मागे उभा राहिलो. नंतर त्यांच्या लेकीला भेटायला घरी गेलो. तिनं पाणी दिलं आणि समोर बसली.

"काका, एक विचारू? अब्बांना शेवटपर्यंत नीट ऐकू येत होतं. पंख्याचं बेअरिंग बिघडलं तर आमच्या आधी त्यांना कळायचं. मग तुमच्याशीच असं का बोलायचे?"

मी तिला सांगितलं. शेवटी मी म्हणालो, की मी संग्रहालयाला लिहीन आणि त्यांचं नाव पाटीवर घालून घेईन.

"नका घालू," ती म्हणाली. "नाव काढायच्या वेळी विचारलं नव्हतंत. आता घालायच्या वेळी मी नको म्हणते. त्या चुकीच्या आवाजाखाली कशाला त्यांचं नाव?"

तरी संग्रहालयाला पत्र लिहिलं, निदान आवाज तरी बदला म्हणून. त्यांचं सभ्य उत्तर आलं. माझ्या भावना ते समजू शकतात, पण सध्याचा आवाज पाहुण्यांना फार आवडतो, आणि मूळ आवाज ओळखणारं कुणी आता उपलब्ध नसल्यानं नव्या मुद्रणाची खात्री कोण देणार? पत्राच्या शेवटी माझ्या योगदानाबद्दल पुन्हा आभार मानले होते. आता माझी खात्री कुणाला नको आहे. आणि ते बरोबरच आहे. पोशीरचा बॉयलरही काढला. गिरणीत आता उकडा होत नाही. जिथे पाइप वर जात होता तिथे छपराला भोक आहे, त्यावर डांबरी कागद लावलाय.

लेकीच्या सांगण्यावरून इथेही त्यांचं नाव लिहिलेलं नाही. माझं लिहिलेलं नाही ते भीतीनं नाही. पाटीवर आहे, ज्याला हवं त्यानं तिथे जाऊन वाचावं. हे मात्र खालापूरच्या स्टँडवर, त्या दुकानासमोरच्या बाकावर बसून, रिक्षावाल्यांना मोठ्यानं वाचून दाखवणार आहे. चारचौघांत. दुकान आता मोबाईलचं आहे. ते हसतील, किंवा निम्म्यात उठून जातील.

आणि कुणाला कधी वाफ मिळालीच, तर आवाज असा आहे. पाइप लांब आणि थंड ठेवा. ड्रेन उघडू नका. मधली नळी पाव आटा वर. व्हॉल्व्ह अर्धाच उघडा. आधी ती खाकरेल, मग थुकेल, मग खालून वर येईल. छपराच्या कडेखाली उभे राहू नका, अंगावर पडतं. उभे राहिलात तर डाग पुसू नका.